फोल्डर आधीच असेल तर?

दूरच्या सर्व्हरवर एक फोल्डर तयार करायचे, एवढेसे काम. पण ते आधीच तिथे असेल तर सर्व्हरने काय म्हणायचे, यावर फाइल पाठवणाऱ्या पद्धतींचे अजून एकमत नाही.

आयआयटी कानपूरमधून एमआयटीत गेलेल्या अभय भूषण यांनी १६ एप्रिल १९७१ च्या आरएफसी ११४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात एफटीपी या फाइल पाठवण्याच्या पद्धतीचा पाया घातला. तिथे सारा भर फायलींवर होता. फोल्डरची सोय आली डिसेंबर १९८० मध्ये, आरएफसी ७७५ मधून, आणि तीही गरजेपोटी. आर्पा या अमेरिकी संरक्षण संशोधन संस्थेसाठी अनेक पीडीपी-११ संगणकांची देखभाल बीबीएन ही कंपनी करत असे. त्यांवर युनिक्स ही संचालन प्रणाली चाले, आणि युनिक्समध्ये फोल्डर हाताळणे फाइल हाताळण्याइतकेच सोपे. मग एफटीपीतच ती मुभा का नको? ऑक्टोबर १९८५ च्या आरएफसी ९५९ ने फोल्डर बनवण्याची एमकेडी ही आज्ञा पक्की केली.

काम झाले की सर्व्हर २५७ हा आकडा आणि अवतरणचिन्हांत नव्या फोल्डरचा पत्ता पाठवतो. फोल्डर आधीच असेल, तर त्याच आरएफसीच्या परिशिष्टातले उदाहरण ५२१ दाखवते. अधिकृत उत्तरांच्या यादीत मात्र ५२१ नाहीच, तिथे ५५० आहे. आणि ५५० चे कारण काहीही असू शकते: परवानगी नाही, वरचे फोल्डर नाही किंवा हवे ते आधीच हजर आहे. कीबोर्डसमोर माणूस होता तोवर हे खपून गेले, कारण आकड्यापुढचे वाक्य तो वाचत असे.

१९९८ मध्ये एक्सएमएल ही टॅगांची भाषा प्रमाणित झाली आणि अशी कामे तिच्यात लिहून ठेवून यंत्रावर सोपवण्याची रीत रुळली. अपाचे अँट या स्वयंचलनाच्या साधनाचेच पाहा. त्याच्या एक्सएमएल फाइलमध्ये एफटीपीचा टॅग लिहायचा, ‘ॲक्शन’ला ‘एमकेडीआयआर’ म्हणायचे, ‘रिमोटडिर’मध्ये पत्ता द्यायचा, बस्स. पण त्याच टॅगला ‘इग्नोर-नॉनक्रिटिकल-एरर्स’ असाही एक गुणधर्म आहे. तो चालू केला की फोल्डर बनवताना आलेले ५२१, ५५० आणि ५५३ सरसकट माफ! परवानगी नसल्याचा ५५०ही त्यातच गडप होतो, आणि काम पुढे फाइल चढवताना अडते. लॉग वाचणारा मग तिथेच दोष शोधत बसतो.

फेब्रुवारी १९९९ मध्ये आलेल्या वेबडॅव या वेबवरून फायली हाताळण्याच्या पद्धतीने हा गुंता बराच सोडवला. त्याची एमकेकॉल आज्ञा यशाला २०१ देते, त्या पत्त्यावर आधीच काही असेल तर ४०५, वरचे फोल्डर नसेल तर ४०९, जागा संपली असेल तर ५०७. २००९ च्या आरएफसी ५६८९ ने या आज्ञेसोबत एक्सएमएल मजकूर पाठवण्याची सोय केली: फोल्डरचा प्रकार आणि दाखवायचे नाव एकाच विनंतीत. त्यातला एक गुणधर्म जरी लागू झाला नाही, तरी फोल्डर बनतच नाही. अर्धवट काम मागे राहत नाही. एसएसएचवरून फायली पाठवणारे एसएफटीपी मात्र जुन्याच वळणावर राहिले. सर्रास वापरात असलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ‘आधीच आहे’साठी वेगळा आकडाच नाही, ओपनएसएसएचचा सर्व्हर अशा वेळी नुसते ‘फेल्युअर’ म्हणून मोकळा होतो.

म्हणजे एक्सएमएलने मागणी नेटकी होते, उत्तर नव्हे. म्हणून एफटीपीचे स्वयंचलित काम लिहिताना वरच्या फोल्डरपासून एकेक पायरी उतरावी. एमकेडी फसली तर चूक माफ करू नये आणि लगेच हातही टेकू नयेत. सीडब्ल्यूडी या फोल्डर बदलण्याच्या आज्ञेने त्या फोल्डरात शिरून पाहावे. शिरता आले तर पुढे जावे, नाही तर तिथेच थांबून सर्व्हरचे मूळ वाक्य जसेच्या तसे लॉगमध्ये उतरवावे.