मागावरचा उजेड

येवल्याच्या विणकर वस्तीत शिरलं की पावलापावलाला हातमागाची खटखट ऐकू येते. नाशिकहून पूर्वेला सुमारे ऐंशी किलोमीटरवरच्या या गावात पैठणी राहत्या घरातच विणली जाते. मी मात्र साड्यांसाठी गेलो नव्हतो. एवढं बारीक काम नेमक्या कोणत्या उजेडात होतं, ते मला बघायचं होतं.

साठीतले एक काका मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. काळ्या ताण्यावर पदर चालला होता. पदरात मोर. मोराच्या मानेला एक रंग, पिसाऱ्याला दुसरा, चोचीला तिसरा आणि प्रत्येक रंगाची रेशमाची कांडी वेगळी. ताण्याचे, म्हणजे उभे, धागे मोजायचे, तेवढ्यांतूनच तो रंग ओवायचा, मग पुढची कांडी घ्यायची. एक धागा इकडचा तिकडे झाला की मान वाकडी होते, आणि तेवढं उसवून पुन्हा विणावं लागतं.

खोलीच्या छताला ट्यूबलाइट होती, पण काकांच्या पाठीमागे. ती लावली की त्यांच्या डोक्याची सावली नेमकी मोरावर पडायची. समोरून दिवा धरून पाहिला तर पदरातली जर चमकून डोळ्यांवर येत होती. काकांनी माग खिडकीला काटकोनात लावला होता, खिडकी डाव्या हाताला. बाजूने येणारा उजेड कापडावर पडतो, धाग्यांचा उठाव दाखवतो आणि जरीवरून उसळला तरी डोळ्यांत न शिरता पलीकडे निघून जातो. दुपारी ऊन थेट मागावर यायला लागलं की काकू खिडकीवर पातळ पांढरं धोतर ओढतात. ऊन अडतं, उजेड मऊ होऊन आत येतो.

किती उजेड लागतो? युरोपातलं प्रकाशयोजनेचं मानक विणकामाला ५०० लक्स सांगतं, कापडाचे रंग तपासायला १०००. पण आकडा सगळ्यांना सारखा पुरत नाही. काळा ताणा उजेड पिऊन टाकतो. पिवळ्या साडीला भरपूर वाटणारा दिवा काळ्या साडीला अपुरा पडतो. शिवाय वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, आतलं भिंग पिवळसर होतं. विशीच्या मानाने साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. शेजारच्या मागावरच्या पुतण्याला पुरेसा वाटणारा दिवा काकांना मंद वाटत होता, तो यामुळेच. त्यांनी मोठा दिवा आणला नाही, मागावर होता तोच खाली घेतला. लहान दिव्याचं अंतर निम्मं केलं की उजेड जवळपास चौपट होतो.

मग त्यांनी दोन कांड्या माझ्या हातात ठेवल्या. ट्यूबलाइटखाली दोन्ही एकाच रंगाच्या. दारात जाऊन पाहिलं तर एक आमसुली, दुसरी जांभळी. दिव्याच्या प्रकाशात काही रंगछटा कमी असल्या की कापड त्या परत देऊ शकत नाही. दिव्याच्या खोक्यावर सीआरआय म्हणून आकडा असतो, तो रंगांचा खरेपणा सांगतो. ८० घरात चालतं; रंगाच्या कामाला ९० च्या वर हवा. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा असलेली धूपछाव पैठणी पारखायची असेल, तर हा आकडा पाहायलाच हवा.

आणखी एक गोष्ट, लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून हलक्या प्रतीचा एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण डोकं दुखू शकतं. दिव्याखाली पेन्सिल भरभर हलवून पाहा. सलग पट्ट्याऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर तो दिवा बारीक कामाला घेऊ नका.

चांगला उजेड म्हणजे झगझगाट नव्हे. हाताची सावली न पाडणारा, डोळ्यांवर न येणारा, रंग खरा दाखवणारा आणि कामाजवळचा उजेड चांगला. आपण घर बांधताना खिडकी हवेसाठी ठेवतो, दिवा छताच्या मध्यावर टांगतो आणि टेबल उरलेल्या कोपऱ्यात सरकवतो. माग असो, शिलाई मशीन असो की मुलांचं अभ्यासाचं टेबल, आधी कामाची जागा आणि खिडकी एकमेकांना धरून ठरवा, आणि शेवटी दिवा. येवल्यातल्या त्या घरात माग खिडकी पाहूनच मांडला आहे.