उसाच्या ट्रॉलीचा विझलेला दिवा



दिवाळी उलटली की सातारा-सांगलीच्या मुलुखात उसाचे गळीत सुरू होते. रेठरे बुद्रुक, साखराळे, सांगली येथील कारखान्यांकडे ट्रॅक्टरांची रीघ लागते. एकेकाच्या मागे बहुधा दोन-दोन ट्रॉल्या. अशाच एका पौषातल्या रात्री, कराडहून सांगलीस येताना, माझ्यापुढे काळोखातून अकस्मात उसाची भिंत उभी राहिली. आमची गाडी जेमतेम हातभर अंतरावर थांबली. ट्रॉलीचा मागील दिवा बंद होता. चालक खाली उतरून काकुळतीने म्हणाला, "काका, तिसऱ्यांदा बल्ब बदलला, पर पेटतच न्हाई बघा!"

बल्ब निर्दोष होता. दोष निराळ्याच ठिकाणी होता. तो कसा शोधावा, हे आज सांगावयाचे आहे.

विहिरीवरची मोट भरून वर आली, पण रिकामी होऊन खाली परतली नाही, तर पाणी थांबते. विजेचेही तसेच होय. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून प्रवाह फ्यूज, स्विच आणि सात पिनांच्या प्लगातून दिव्यापर्यंत जातो. ही जाण्याची वाट झाली. परतीची वाट मात्र पुष्कळदा ट्रॉलीच्या लोखंडावर व जोडाच्या खिळीवर सोपविलेली असते. त्या खिळीस वंगण, गंज आणि धूळ. शिवाय ती सैल. उजवीकडचा दर्शक दिवा लावताच इतर दिवेही मंद लुकलुकू लागले, तर परतीची वाट बिघडली असे बहुधा समजावे.

येथे ओहम या जर्मन शास्त्रज्ञाने १८२७ साली प्रसिद्ध केलेला नियम उपयोगी पडतो. प्रत्येकी २१ वॉटचे दोन ब्रेक-दिवे साडेतीन अँपिअर प्रवाह घेतात. गंजलेल्या सांध्यात अवघा एक ओहम रोध असला, तरी सुमारे पावणेतीन व्होल्ट तेथेच खर्ची पडतात आणि उजेड निम्म्याहूनही कमी होतो. गंमत अशी की, बल्ब काढून मीटर लावला तर तो पुरे १२ व्होल्ट दाखवितो. कारण प्रवाहच वाहत नसल्याने सांध्यात काही खर्च होत नाही. म्हणून मीटरपेक्षा दोन तारा जोडलेला २१ वॉटचा साधा बल्ब हा अधिक प्रामाणिक साक्षीदार होय.

आता क्रम पाहू. प्रथम ट्रॅक्टरचा स्वतःचा मागील दिवा पाहावा. तोही बंद असेल तर फ्यूज, स्विच व बॅटरी तपासावी. तो पेटत असेल तर ट्रॉलीचा प्लग काढून, सॉकेटातील मागील दिव्याचे छिद्र व अर्थचे छिद्र यांमध्ये चाचणीचा बल्ब धरावा. लख्ख पेटला, तर ट्रॅक्टर निर्दोष. न पेटल्यास अर्थची तार ट्रॅक्टरच्या खरवडून स्वच्छ केलेल्या लोखंडास टेकवावी. आता पेटला, तर सॉकेटाची अर्थतार तुटली आहे. तरीही न पेटल्यास येणारी तार तुटली आहे.

ट्रॅक्टर निर्दोष ठरल्यावर प्लग पुन्हा बसवावा आणि एका सुट्या तारेने ट्रॅक्टरचे स्वच्छ लोखंड व ट्रॉलीच्या दिव्याची अर्थ जोडावी. दिवा उजळला, तर दोष परतीच्या वाटेचा. उपाय एकच: खिळीवर न विसंबता प्लगातून प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र अर्थतार न्यावी. दिवा उजळला नाही, तर जाणारी तार जोडापाशी, वळणावर चेपते तेथे, पाहावी. दुसऱ्या ट्रॉलीसही हाच क्रम लागू.

फ्यूज वारंवार जळत असेल, तर कोठेतरी सोललेली तार लोखंडास टेकली आहे. अशा वेळी फ्यूजच्या जागी जाड तार घालणे म्हणजे वाळल्या पाचटाशेजारी निखारा ठेवणे होय.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, यांत मागील तांबड्या दिव्यांची व परावर्तकांची तरतूद आहेच. पण नियमाने तार जोडली जात नाही. त्या चालकाच्या ट्रॉलीस आम्ही वितभर तार लावली आणि तोच तिसरा बल्ब पेटला. आपल्या घरची साखर ज्या रस्त्याने येते, त्याच रस्त्याने आपली माणसेही रात्री घरी येतात, एवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.