रोवणीच्या दिवसांतली चित्रे

ग्राफिक डिझायनरच्या हातून दोन प्रकारची चित्रे होतात. पहिली गिऱ्हाइकाने सांगितलेली. त्यांचा आकार, मजकूर, रंग आणि मुदत दुसरा ठरवतो, आणि चित्र जमले की नाही हेही तोच ठरवतो. दुसरी कोणीच न मागितलेली. या दुसऱ्या चित्रांची कोणी वाट पाहत नसते, त्यामुळे ती रोज उद्यावर जातात. मोठ्या शहरात हा प्रश्न नोकरीच्या आठ-दहा तासांचा असतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीसारख्या तालुक्याच्या गावी तो हंगामाचा होतो.

इथे 'ग्राफिक डिझायनर' अशी पाटी क्वचितच दिसते. 'डीटीपी, झेरॉक्स, फ्लेक्स, लग्नपत्रिका' एवढे एकाच बोर्डावर लिहिलेले दुकान असते आणि डिझायनर त्याच्या आत बसलेला असतो. तोच माणूस सकाळी सातबाराची झेरॉक्स काढून देतो, दुपारी पत्रिकेतली काका-मामांची नावे मानपानाच्या क्रमाने लावतो आणि संध्याकाळी श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी आधार कार्डावरचा फोटो मोठा करत बसतो. प्रत्येक काम 'अर्जंट' असते. करेक्शन तिसऱ्यांदा येते तेव्हा एखाद्या आत्याचे नाव राहून गेलेले असते, आणि ते घातले की सगळे सेटिंग हलते.

या कामाचे वेळापत्रक घड्याळापेक्षा धानाशी जास्त बांधलेले आहे. कापणी-मळणी होऊन हातात पैसा आला की भाऊबीजेच्या सुमारास झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम सुरू होतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या गावोगावी मंडई म्हणजे जत्रा, शंकरपट म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती आणि रात्रभर चालणारी नाटके होतात. नाटक मंडळ्यांची कार्यालये वडसा, म्हणजे देसाईगंज, इथे आहेत. तारखा तिथे ठरतात. हँडबिले, तिकिटे आणि पोस्टरे मात्र जवळच्या दुकानातही करून घेतली जातात. महाशिवरात्रीला जवळच्या मार्कंड्याची जत्रा, होळीनंतर लग्नसराई, मधे कधी निवडणूक. मृग बरसला आणि धानाची रोवणी लागली की गिऱ्हाईक शेतात जाते. नदी-नाल्यांना पूर येऊन रस्ते अडतात ते वेगळेच. आषाढापासून पोळ्यापर्यंत दुकान बरेच निवांत असते. पुढे गणपतीची मंडळे येतात आणि गाडा पुन्हा सुरू होतो.

रोज एक तास स्वतःच्या चित्रांना द्यावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो पगारी नोकरीतल्या माणसाला ठीक आहे. नाटकांच्या हंगामात रात्री अकराला शटर ओढणाऱ्याला तो छळ वाटेल. त्याला वर्षाचा हिशेब जास्त सोयीचा पडतो. गर्दीच्या महिन्यांत फक्त टिपून ठेवायचे: खिशातल्या छोट्या वहीत पाच मिनिटांचे रेखाटन, मोबाइलवर काढलेला फोटो, ऐकलेला एखादा शब्द. चित्रे पुरी करायची ती पावसाळ्यात. यात धोका एकच, हात जड होण्याचा. आठ महिने पेन्सिल धरलीच नाही, तर आषाढातले पहिले दोन आठवडे रेघ सापडण्यातच जातात. म्हणून ती पाच मिनिटांची वही सोडता येत नाही.

वेळेइतकीच डोळ्याची सवयही आड येते. पोटाच्या कामात 'चालतंय' हा शब्द हळूहळू नजरेत मुरतो. शंकरपटाच्या फ्लेक्सवर इंटरनेटवरून उतरवलेली, लांब शिंगांची खिल्लार जोडी धावते. खिल्लार पश्चिम महाराष्ट्रातली. या भागातली कठाणी गुरे लहान चणीची आणि काटक असतात. 'आदिवासी डिझाइन' मागितले की पत्रिकेच्या कडेला वारली माणसे फेर धरतात. वारली चित्रकला पालघर-ठाण्याकडची, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाची. गडचिरोलीच्या माडिया-गोंड वस्त्यांतल्या गोटुलांच्या, म्हणजे तरुणांच्या सामाईक घरांच्या, कोरीव खांबांवर स्वतःचे अलंकरण आहे, पण तयार क्लिपआर्टमध्ये ते मिळत नाही. ते कोणीतरी जाऊन, पाहून काढावे लागते. स्वतःच्या चित्रांचा विषय इथेच सापडतो: रोजच्या कामात जे उसने घ्यावे लागते ते. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली आणि या रंगभूमीकडे बाहेरच्यांचे लक्ष गेले. तिच्या पोस्टरांकडे आणि रंगलेल्या तोंडांकडे अजून पुरेशा चित्रकारांनी पाहिलेले नाही.

नोकरी सांभाळून स्वतःचे काम करणाऱ्यांची मराठीतली परंपरा मोठी आहे, आणि प्रत्येकाने तोल वेगळ्या जागी साधला. वसंत सरवटे (1927–2016) व्यवसायाने सिव्हिल इंजिनिअर होते. एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करत त्यांनी व्यंगचित्रे, पुस्तकांची मुखपृष्ठे आणि 'ललित' मासिकातली चित्रे काढली. तिथेच जयवंत दळवींनी 'ठणठणपाळ' या टोपणनावाने सदर लिहिले आणि वाचकांना तो ठणठणपाळ दिसला सरवट्यांच्या रेषेतून. दिवसभर इमारतींच्या आराखड्यांवर चालणारा हात संध्याकाळी दुसऱ्याच कामाला लागत असे, ही त्यांची मोठी सोय.

अरुण कोलटकरांना ती सोय नव्हती, किंवा निम्मी होती. मुंबईच्या जाहिरात संस्थांमध्ये ते आर्ट डायरेक्टर होते आणि त्या क्षेत्रात नावाजलेले होते. स्वतःचे काम मात्र त्यांनी शब्दांत, कवितेत ठेवले. 'जेजुरी' 1976 मध्ये आली, पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. त्यानंतरची त्यांची मोठी पुस्तके थेट 2003–04 च्या सुमारास आली. मधल्या पाव शतकात लेखन चालू होते, फक्त छापण्याची घाई नव्हती. दर गुरुवारी दुपारी ते काळा घोडा चौकातल्या वेसाइड इन या हॉटेलात बसत. तिथल्या खिडकीतून दिसणारा चौक पुढे इंग्रजी कवितांचे एक अख्खे पुस्तक होऊन आला. आठवड्यातली एक दुपार आणि बसायची ठरलेली जागा यांतून किती निघू शकते, याचा इतका ठळक दाखला क्वचितच मिळेल.

कमल शेडगे (1935–2020) यांची वाट सर्वांत अवघड होती. टाइम्स ऑफ इंडियाच्या कला विभागात अक्षरांचेच काम, आणि बाहेर मराठी नाटकांची शीर्षके, तीही अक्षरेच. 'मत्स्यगंधा'सारखे नाव नाटकाच्या स्वभावाप्रमाणे वळते, वाकते. त्यांचे वेगळेपण विषयापेक्षा मोकळिकीत होते. चामोर्शीतल्या डीटीपीवाल्याला सर्वांत जवळचे उदाहरण हेच, कारण तोही दिवसभर नाटकांची आणि नवरा-नवरीची नावेच रंगवतो. नाटकाच्या पोस्टरवरचे नाव श्री-लिपीतल्या तयार फॉन्टऐवजी एकदा हाताने काढून पाहिले, तर पोटाच्या कामातच स्वतःच्या कामाला थोडी जागा होते. गिऱ्हाइकाने नाकारले तर ते वहीत राहते.

प्रकल्प केवढा असावा, हा पुढचा प्रश्न. बहुतेक घरगुती प्रकल्प आकारानेच मरतात. चामोर्शीजवळ, वैनगंगा जिथे उत्तरेकडे वळून वाहते तिथे, मार्कंड्याचा देवळांचा समूह आहे. 'मार्कंड्याची सगळी शिल्पे काढीन' असे ठरवणारा तिसऱ्या रविवारी थकतो. भिंतीवर थरावर थर मूर्ती आहेत. त्यांतली एक घेतली तरी पुष्कळ आहे. सकाळचे तिरपे ऊन पडते तेव्हा कमरेचा बाक आणि हातातली वस्तू नीट उठते. ऊन डोक्यावर आले की तीच मूर्ती सपाट होते आणि कागदावर नुसती बाह्यरेषा उरते. म्हणजे एका बैठकीला दीड-दोन तासच मिळतात, नि ते पुरतात. वीस मूर्तींचा संच, दर रविवारी एक, असा हिशेब पाच महिन्यांत संपतो. संपणारा प्रकल्प लोकांना दाखवता येतो, आणि त्याच्यापुढे दुसरा हाती घेता येतो.

साधने वेगळी ठेवण्याचा फायदा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. ज्या खुर्चीवर दिवसभर करेक्शन केले तिथेच रात्री चित्र काढायला बसले की हात कोरलड्रॉच्याच सवयीने चालतो: चौकट, ग्रेडियंट, सावली. कागद-पेन्सिल आणि घरातला दुसरा कोपरा एवढ्यानेही फरक पडतो. कागदाला तर या भागात तोटा नसावा. इथल्या जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला गेला, आणि चामोर्शी तालुक्यातच आष्टीला कागदाची गिरणी उभी राहिली.

वेगळ्या साधनांना कायद्याचीही बाजू आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. सुटीच्या दिवशी, स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या मनाने काढलेले चित्र काढणाऱ्याचे. दोन्ही एकाच संगणकात, एकाच फोल्डरमध्ये पडली असतील तर पुढे वाद झाल्यास कोणते कुठले हे सांगणे जड जाते. मोबदला घेऊन, कोणाच्या मागणीवरून रंगवलेल्या चित्राचा हक्क मागणी करणाऱ्याकडे जातो. म्हणून वेगळे काही हवे असेल तर ते आधीच लिहून घ्यावे. आपल्या चित्राचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तोही लेखी आणि सहीनिशीच देता येतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो. व्हॉट्सॲपवर टाकलेले चित्र महिनाभरात शेजारच्या तालुक्यातल्या फ्लेक्सवर दिसू शकते. तिथे कायद्याआधी साधी खबरदारी कामी येते: टाकायची प्रत लहान आकाराची ठेवायची आणि सही कोपऱ्यात न करता चित्राच्या आत, कापता येणार नाही अशा जागी करायची.

तयार झालेली चित्रे जातील कुठे, याचे मराठीत जुने उत्तर आहे. का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'ने 1909 मध्ये दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये स्वतःचे 'दीपावली' काढून चित्रकारालाच संपादक केले. आजही अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यात चालते. संपादकांना जुलै-ऑगस्टमध्ये चित्रे हवी असतात, म्हणजे नेमके दुकान निवांत असते तेव्हा. पाच-सहा चांगली चित्रे, खाली दोन ओळींची माहिती, आणि 'ही आधी कुठे छापलेली नाहीत' असा स्पष्ट उल्लेख एवढे पाठवायला पुरते. उत्तर बहुधा उशिरा येते. तोवर दसरा उलटलेला असतो, वडशाला नाटकांच्या तारखा ठरू लागलेल्या असतात, आणि दुकानात पहिल्या पोस्टरचे मॅटर घेऊन मंडळाची पोरे उभी असतात.