बोटांची मोटर कोपरापाशी

यंत्रमानवाचा हात करायला बसलं की बोटांचा विचार मागे पडतो आणि आधी प्रश्न येतो जागेचा. आपल्या बोटांत वाकवणारे स्नायूच नाहीत. कोपराखालचा स्नायू आकसतो, मनगटातून आलेली कंडरा ओढली जाते, तेव्हा तर्जनी वाकते. सायकलच्या ब्रेकची तार जसं काम करते, तसंच. उजव्या हाताची बोटं टेबलावर वाजवा आणि डाव्या हाताने कोपराखाली चाचपा, आतली लगबग लगेच कळते.

मोटारी तळहातातच कोंबल्या तर पंजा बोजड होतो आणि ते वजन खांद्याच्या मोटरच्या मानेवर बसतं. म्हणून लंडनच्या शॅडो कंपनीने आपल्या यंत्रहाताच्या 20 मोटारी मनगटामागे ठेवल्या. सांधे मात्र 24. उरलेल्या चारांसाठी मोटर नाही, कारण चार बोटांचा नखाकडचा सांधा मधल्या सांध्याला बांधलेला आहे. आपलंही साधारण तेच आहे. मधलं पेर सरळ ठेवून नुसतं टोकाचं पेर वाकवायला गेलं तर बहुतेकांना जमत नाही.

आम्ही जोडला तो हात इनमूव्हचा. गाएल लांजव्हँ या फ्रेंच शिल्पकाराने 2012 मध्ये हा यंत्रमानव करायला घेतला आणि आराखडे सगळ्यांना खुले केले. थ्रीडी प्रिंटर असला की भाग घरी निघतात, सर्वो मोटारी, म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून थांबणाऱ्या मोटारी, पुण्यात तापकीर गल्लीत मिळतात. छपाईबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. प्रिंटर चालू करायचा आणि वाट पाहायची.

खरं काम दोरी ओवण्याचं. प्रत्येक बोटाला दोन पदर. तळव्याकडचा ओढला की बोट मिटतं, पाठीकडचा ओढला की उघडतं, आणि दोन्ही पदर एकाच सर्वोच्या चकतीवर उलटसुलट अडकवलेले. पेरांतली भोकं प्रिंटरमधून खरखरीत येतात. ती ड्रिलने साफ करावी लागतात, नाहीतर दोरी मध्येच अडते आणि तिथेच झिजते. दोरी मासेमारीची, विणलेली. साधी नायलॉनची दोरी ताणली की लांबते. मोटर पुरती फिरते आणि बोट अर्ध्यावर राहतं. विणलेली लांबत नाही, पण इतकी गुळगुळीत की गाठ हळूहळू सुटत जाते. गाठीवर गोंदाचा थेंब टाकूनच पुढे जायचं. ताण जास्त झाला तर सर्वो काही न करता घुरघुरत तापतो, कमी झाला तर बोट डुगडुगतं. मधला नेमका ताण कुठे आहे ते दोरी बोटाने छेडून कळतं. आराखड्यात तो लिहिलेला नसतो.

वस्तू धरून ठेवणं हे तर आणखी वेगळं. पाण्याची बाटली नुसती धरायची म्हटलं तरी साध्या सर्वोला सतत जोर लावावा लागतो, आणि तो गरम होतो. स्क्रूसारखा वर्म गिअर लावला की वीज बंद असतानाही पकड सुटत नाही, पण मग बोट कुठे आपटलं तर ते मागे सरकत नाही, मोडतं.

मनगटाची मेख निराळीच. सगळ्या दोऱ्या तिथूनच जातात, त्यामुळे मनगट वाकलं की दोऱ्यांची लांबी बदलते आणि बोटं आपोआप हलतात. पंजा तळव्याकडे पूर्ण वाकवून घट्ट मूठ वळून पाहा, जोर येत नाही. इनमूव्हच्या मूळ आराखड्यात मनगट नुसतं फिरतं, वाकत नाही. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते.

अंगठ्याबाबत मात्र तडजोड महागात पडते. त्याच्या बुडाशी खोगिरी सांधा असतो, म्हणून तो वळून करंगळीसमोर येतो. एका मोटरवर चालणारा अंगठा मूठ छान मिटवतो, पण किल्ली कुलपात फिरवायची वेळ आली की हरतो. मोटारी मोजक्याच असतील तर करंगळीची काढून अंगठ्याला द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं सगळं जमलं तरी हात आंधळाच राहतो. स्वीडनच्या रोलंड योहान्सन यांच्या प्रयोगात बोटांची टोकं बधिर केल्यावर काडी पेटवायला जवळपास चौपट वेळ लागला. स्नायू, डोळे, मेंदू सगळे शाबूत, फक्त स्पर्श नाही. एरवी पेला किंचित घसरला तरी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत आपली पकड आवळते, आपल्याला पत्ताही लागत नाही. ओपनएआयने 2019 मध्ये शॅडोच्या हाताला एका हाताने रुबिक क्यूब सोडवायला शिकवलं, त्याचं फार कौतुक झालं. पूर्ण विस्कटलेला क्यूब त्या हाताने 20 टक्के वेळाच सोडवला. कुठल्या चाली करायच्या हे तर नेहमीच्या गणिती पद्धतीने आधीच ठरत होतं. कठीण होतं ते क्यूब हातातून न पाडता फिरवणं.

तेव्हा यंत्रमानव हस्तांदोलन करतो, हात हलवून निरोप घेतो, अशा व्हिडिओंना भुलू नका. खिशातल्या चिल्लरमधून न पाहता एक रुपयाचं नाणं काढून दाखव म्हणावं, मग बोलू.