परसांतील आंबा आणि क्रेन

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परसांत आजोबा-पणजोबांनीं लाविलेला एखादा आंबा, फणस किंवा चिंच असेल. असें झाड उतरविण्याची वेळ कोणावरहि न येवो. परंतु आलीच तर पनवेलीस आमच्या घरीं घडलेली हकीकत उपयोगी पडेल, म्हणून ती येथें देत आहों.

ता. ३ जून २०२० रोजीं दुपारीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलें. वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती. तिकडील नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या एका दुपारींत आडव्या झाल्या. त्या मानानें पनवेलीवरील कोप सौम्यच म्हणावयाचा. तथापि आमच्या परसांतील जुना रायवळ आंबा दक्षिणेकडील मुळ्या उपटून कलला आणि माजघराच्या कौलांपासून हातभर अंतरावर थबकला. बुंध्याचा घेर ११ फूट, आणि त्यास वरपासून खालपर्यंत उभी चीर गेलेली. अशा झाडावर माणूस चढविणें म्हणजे त्याच्या जिवाशीं खेळणें. टाळेबंदीमुळें मजूरहि दुर्मिळ. पाऊस लागण्यापूर्वीं झाड उतरविणें भाग होतें. म्हणून क्रेन बोलवावयाचें ठरलें.

झाड आपल्या जागेंत असलें तरी शहरांत तें आपल्या मर्जीनें तोडतां येत नाहीं. महाराष्ट्रांत त्यासाठीं १९७५ चा कायदा आहे. २०२१ सालीं त्यांत दुरुस्ती होऊन पन्नास व त्याहून अधिक वर्षांच्या झाडांस निराळें संरक्षण मिळालें. आम्हीं महापालिकेकडे अर्ज केला व परवानगी घेतली. काकूंनीं मात्र निराळी परवानगी मागितली. आदल्या संध्याकाळीं झाडास हळद-कुंकू वाहून तेथील जीवांनीं दुसरीकडे जावें अशी त्यांनीं विनवणी केली. घरांतील तरुण मंडळी हंसली. परंतु वराहमिहिरानें बृहत्संहितेंत, मूर्तीसाठीं लांकूड आणावयाच्या प्रकरणांत, हाच विधि सांगितला आहे. रात्रीं वृक्षाची पूजा, तेथें राहणाऱ्या भूतांस स्थलांतराची विनंती, आणि सकाळीं मध व तूप लावलेली कुऱ्हाड. झाड कोणत्या दिशेस पडलें तर शुभ, याचाहि तेथें विचार आहे. झाड कोठें पडणार, हें कुऱ्हाड लावण्यापूर्वींच मनांत असावें, एवढें तरी त्यांतून आम्हीं घ्यावयास हवें होतें.

पहिल्या दिवशीं जी क्रेन आली तिला लोक ‘हायड्रा’ म्हणतात. चार चाकांवर चालणारी, पुढें लोखंडी हात असलेली. तिची शक्ति १२ टनांची, असें सांगण्यांत आलें. एवढी शक्ति असतां आंब्याची काय कथा, या समजुतीनें आम्ही निश्चिंत झालों. कुंपणाची भिंत मध्यें असल्यामुळें क्रेन गल्लींतच उभी राहिली व तिचा हात सुमारें २२ फूट लांबविण्यांत आला. वरच्या मोठ्या फांदीस एकच पट्टा बांधला. “टन-दीड टन असेल,” असें करवतवाल्यानें नुसतें पाहून सांगितलें. मग आमचे थोरले बंधु “वर घ्या” म्हणत, पुतण्या “थांबा” म्हणे, गच्चीवरून धाकटे बंधु “डावीकडे!” असें ओरडत, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि गप्प नव्हतों. क्रेन चालविणारा बिचारा कोणाचें ऐकणार?

फांदी कापून सुटली ती एकदम. क्रेनची मागची चाकें जमिनीपासून वीतभर उचललीं गेलीं. पट्टा मध्याच्या फार खालीं बांधलेला असल्यानें शेंड्याकडील भार उलटा फिरला आणि तो सोट विहिरीच्या कठड्यावर आदळला. कठड्याचे दोन दगड विहिरींत गेले. त्याच कठड्यावर बसून एक मुलगा सकाळपासून दोर धरीत होता. वहिनींनीं चहाला हांक मारली म्हणून तो नुकताच उठून ओटीकडे गेला होता. कप त्याच्या हातांतच राहिला.

काम बंद केलें. त्या रात्रीं झोंप येईना, तेव्हां कंदील घेऊन आम्हीं परसांत जाऊन फांदी मोजली. पस्तीस वर्षें संस्कृताबरोबर घनफळाचीं उदाहरणें मुलांना घातलीं, पण घरच्या झाडावर एकहि उदाहरण सोडविलें नव्हतें! घेर ८ फूट, लांबी १२. घेराच्या वर्गास, म्हणजे ६४ ला, साडेबारांनीं भागून लांबीनें गुणलें कीं सुमारें ६१ घनफूट येतात. ओलें लांकूड पाण्याइतकें जड धरावें. पाण्याचा एक घनफूट सुमारें २८ किलोंचा. म्हणजे नुसता सोटच १,७०० किलो. वरचे फांटे व पालवी निराळी. आणि १२ टन हा आंकडा यंत्राच्या अगदीं नाकाशीं ओझें असतांनाचा. पहारीनें दगड उचलतांना लांब टोंक आपल्या हातीं असतें; क्रेनमध्यें तें ओझ्याच्या हातीं जातें. हात चौपट लांबविला तर शक्ति चौथ्या हिश्श्याहूनहि कमी राहते, कारण हाताचें स्वतःचें वजनहि आंत धरावें लागतें.

दुसऱ्या दिवशीं जवळच्या गांवचे एक वृद्ध लांकूडतोडे आले. त्यांनीं आल्या आल्या विचारलें, “मास्तर, लाकडाचा जोख कुणी केला?” आम्हीं रात्रींचा कागद पुढें केला. तो पाहून ते खालीं जमिनीकडे वळले व, “इथं खाली काय आहे?” असा दुसरा प्रश्न केला. आम्हीं सांगितलें, जुना शौचकूप. वर फरशी आहे. यंत्र त्याच्यावर गेलें असतें तर काय झालें असतें हें सांगण्याची त्यांस गरज पडली नाहीं. भिंत दहा फूट पाडली, शौचकुपास वळसा देऊन जाड फळ्या अंथरल्या आणि क्रेन झाडाजवळ आणली. भिंत पुन्हां बांधण्याचा खर्च दहा हजारांच्या आंतच होता. आदल्या दिवशीं तोच वांचविण्यासाठीं आम्हीं गल्लींत क्रेन उभी केली होती.

मोठ्या फांद्यांचे चार-चार फुटांचे तुकडे करावयाचे, असें त्यांनीं ठरविलें. प्रत्येक तुकड्यास दोन पट्टे, टोंकास वेगळा दोर. आधीं पट्टे ताणून ओझें तोलावयाचें, मग करवत, म्हणजे सुटतांना हिसका बसत नाहीं. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंत कोणी उभें राहावयाचें नाहीं. आणि खुणा एकट्या त्यांनींच हातानें करावयाच्या. बाकीच्यांनीं माजघरांत बसावें, असें त्यांनीं थोरल्या बंधूंस हात जोडून सांगितलें. आमच्या घरांत इतकी शांतता श्राद्धाच्या दिवशींहि नसते.

दुपारपर्यंत फांद्या उतरल्या. बुंधा कापला तेव्हां आंत पोकळी निघाली. काळ्या भुशानें भरलेली, वर एक खारीचें घरटें. तें काकूंनीं सुपांत घालून शेजारच्या फणसाच्या बेचक्यांत ठेवविलें. फळ्या काढण्याजोगें लांकूड फार थोडें मिळालें. त्याचे दोन पाट झाले. ज्या मुलाचा चहा त्या दिवशीं हातांतच थंड झाला, त्यास पुढें मजुरीखेरीज काय द्यावें यावर घरांत बराच वाद झाला. शेवटीं त्यानें स्वतःच एक पाट मागून नेला.