पद्मिनीतला गारवा

डॅशबोर्ड उतरवून झाल्यावर मिस्त्रींनी मला हाक मारली. "ताई, जरा आत बसून समोर बघा." इंजिन आणि आपले पाय यांच्यामधल्या पत्र्याला गॅरेजात फायरवॉल म्हणतात. त्या पत्र्यातून दुपारचं ऊन ठिकठिकाणी आत येत होतं. मी भोकं मोजली. अकरा भरली. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तेव्हा यातलं एकही नव्हतं. ही सगळी 1986 च्या मे महिन्यातली, बाबांनी एसी बसवून घेतला तेव्हाची.

बाबा वर्ध्याला डॉक्टर होते. गाडी 1978 ची, प्रीमियर पद्मिनी. 1964 मध्ये ही गाडी 'फियाट 1100 डिलाइट' म्हणून इथे आली, 1972 ला 'प्रेसिडेंट' झाली आणि 1974 पासून 'पद्मिनी'. आमच्याकडे मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. एसी बसवल्यावर पंधराच दिवसांत आम्ही आर्वीमार्गे अमरावतीला लग्नाला निघालो. पहिला तासभर स्वर्ग होता. तळेगावच्या अलीकडे इंजिनाच्या तापमानाचा काटा लालमध्ये गेला आणि बोनेटमधून वाफा निघू लागल्या. कडुनिंबाखाली तासभर थांबलो. मग बाबांनी पाना घेतला, कॉम्प्रेसरचा पट्टा सोडवला आणि डिकीत टाकला. तो पुन्हा कधी चढला नाही.

मोटारीतला एसी पहिल्यांदा कारखान्यातून बसवून मिळाला तो अमेरिकेत, पॅकार्ड कंपनीच्या 1940 च्या मॉडेलमध्ये. त्याची थंड कॉइल डिकीत असायची आणि सामानाची बरीच जागा खायची. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे एसी बंद करायचा तर गाडी थांबवून, इंजिन बंद करून पट्टा काढावा लागे. तळेगावच्या रस्त्यावर बाबांनी केलं तेच.

मी एकतीस वर्षं तंत्रनिकेतनात रेफ्रिजरेशन शिकवलं. निवृत्तीनंतर बाबांची गाडी नव्याने उभी करायला घेतली, तेव्हा ओळखीतल्या जुन्या गाड्यांच्या जाणकारांनी एसीला साफ नकार दिला. मूळ गाडीत नव्हता, मग कशाला? त्यांचं म्हणणं मला कळतं, पण पटत नाही. इथे नागपुरात एप्रिल ते जून पारा अनेकदा 42 ते 45 च्या घरात जातो. त्या तीन महिन्यांत ज्या गाडीत माणूस बसू शकत नाही, ती नुसती उभी राहते. आणि उभ्या गाडीचे ब्रेक जाम होतात, टाकीत गंज धरतो, रबरं कडक होतात. माझी आई 82 वर्षांची आहे. तिला या गाडीतून माहेरी जायचं होतं, आणि तेही लग्नसराईत, म्हणजे उन्हातच.

बाबांचा एसी का फसला? एसी गारवा तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस तापतो. तो पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो. मग एका बारीक व्हॉल्व्हमधून सुटताना त्याचा दाब एकदम पडतो आणि डॅशबोर्डखालच्या कॉइलमध्ये तो उकळू लागतो. आताच्या आर-134ए गॅसचा उत्कलनबिंदू साध्या हवेच्या दाबाला उणे 26 अंश आहे. कॉइलमध्ये थोडा दाब राखलेला असतो, म्हणून तिथे तो शून्याच्या वर, चार-पाच अंशांना उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो आतल्या हवेतून घेतो. पाणी अंगावरून वाळताना हुडहुडी भरते, तसंच.

आता ही बाहेर टाकलेली उष्णता जाते कुठे? कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापून येते. त्यात पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद चाळीस-पंचेचाळीस घोड्यांची. कॉम्प्रेसर त्यातले तीन-चार घोडे काढून घेतो. म्हणजे इंजिनावर बोजा वाढला आणि त्याला थंड ठेवणारी हवा गरम झाली. रेडिएटर जुनाच, पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा. गाडी हळू चालली की पंखाही हळू. बसवणाऱ्याने गारवा विकला, पण गाडी तपासली नाही.

म्हणून मी सांगत असते, एसीचा विचार करायचा तो गाडी पूर्ण उघडी असताना. रंग लागून, सीटा बसून, छताचं कापड ताणून झाल्यावर नाही. तेव्हा मग भोकं पाडावी लागतात.

आमचं पहिलं काम गारव्याचं नव्हतंच, उष्णता अडवण्याचं होतं. टिनकामवाल्याने अकराच्या अकरा भोकं वेल्डिंगने बुजवली. पुढच्या डाव्या सीटखालचा पत्रा कुजला होता, कारण जुन्या एसीच्या पाण्याची नळी बाहेर काढलीच नव्हती, ते गालिच्याखाली मुरत राहिलं. तो तुकडा कापून नवा घातला. मग छताच्या पत्र्याला आतून ॲल्युमिनियमच्या थराचा फोम, दारांच्या पोटात डांबरी शीट, काचांना नवीन बीडिंग. पुढच्या दारांच्या त्रिकोणी काचांची रबरं मिळेनात. ती शेवटी जुन्या रबराचा नमुना देऊन बनवून घेतली. एवढं केल्यावर लहान एसी पुरतो, आणि लहान एसीच हे इंजिन ओढू शकतं.

दुसरं काम विजेचं. जुना डायनॅमो इंजिन मंद चालताना फारसा करंट देत नाही. एसीचा ब्लोअर, कॉम्प्रेसरचा क्लच आणि कंडेन्सरसमोरचा विजेचा पंखा मिळून सहज 25 अँपिअर लागतात. म्हणून अल्टरनेटर घातला, डायनॅमो तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवला. रेडिएटरची जाळी जाड करून घेतली. कंडेन्सर आजच्या पद्धतीचा, चपट्या नळ्यांचा घेतला. तो तेवढ्याच जागेत जास्त उष्णता टाकतो, आणि भर उन्हात आर-134ए चा दाब चढतो तेव्हा त्याची गरज पडते.

बाबांच्या एसीत आर-12 होता. तो ओझोनचा थर खातो. 1987 च्या माँट्रियल करारानंतर जगाने तो टप्प्याटप्प्याने सोडला, आणि आता कोणी तो देऊ केला तरी घेऊ नये. जुन्याच सामानात नवा गॅस भरून देतो म्हणणारे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. जुनं खनिज तेल नव्या गॅसबरोबर नीट फिरत नाही, मग कॉम्प्रेसर कोरडा पडून अडकतो. तेल वेगळं लागतं, ओ-रिंगा वेगळ्या, होजसुद्धा आतून अस्तर असलेले लागतात, कारण या गॅसचा रेणू लहान आहे आणि साध्या रबरातून झिरपतो.

गॅस भरण्याआधीची रात्र मला चांगली आठवते. आम्ही व्हॅक्यूम पंप पाऊण तास चालवला. नळ्यांतली हवा काढणं हे त्याचं अर्धंच काम. आत ओल राहिली असेल तर इतक्या कमी दाबात ती साध्या तापमानालाच उकळून निघून जाते. राहिली तर तिचं व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ होतं, आणि तेलात मिसळून ॲसिड होतं ते वेगळंच. व्हॅक्यूमचा काटा 29 इंचांवर नेऊन पंप बंद केला आणि गेज तसाच लावून घरी गेलो. सकाळी काटा 22 वर होता, म्हणजे कुठेतरी गळती होती. मिस्त्री म्हणाले, गॅस भरू, वर्षभर तरी चालेल. मी नाही म्हटलं. नायट्रोजनचा दाब दिला आणि ब्रशने एकेका जोडाला साबणाचं पाणी लावत गेले. ओल शोषणाऱ्या ड्रायरच्या नटापाशी एक फुगा आला. मोहरीएवढा. फुटला, परत आला. नट खोलला तर हिरवी ओ-रिंग एका बाजूला चिमटली होती. दहा रुपयांची वस्तू. ती बदलली, पुन्हा व्हॅक्यूम मारला, पुन्हा रात्रभर ठेवलं. सकाळी काटा हलला नव्हता. मिस्त्रींनी त्यानंतर प्रत्येक गाडीला साबणाचं पाणी लावायला सुरुवात केली, याचा मला फार आनंद आहे.

कॉम्प्रेसरसाठी लेथवर जाड पट्टीचा ब्रॅकेट करून घेतला. तो इंजिनच्या मूळ बोल्टांवरच बसतो. क्रँकच्या पुलीला पुढून एक जास्तीची खाच जोडली. डॅशबोर्डखालचं युनिट कडेला पकडलंय, आणि होजसाठी कारखान्यातलंच, रबर लावलेलं भोक वापरलं. संपूर्ण गाडीत एसीसाठी नवीन भोक एकच, पाण्याच्या नळीचं, तेही नव्या घातलेल्या पत्र्यात. याला कारण आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपातली खाजगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आमची 2028 मध्ये पन्नाशीची होईल. तशी नोंद केली की गाडी रोज रस्त्यावर नेता येत नाही, त्यामुळे ती करायची की नाही ते पुढचं पुढे. पण पुढच्या पिढीला मूळ गाडी हवी असेल तर एका रविवारी सगळं उतरवता आलं पाहिजे.

कार्बुरेटरपाशी एक छोटा सोलेनॉइडही आहे. एसी लावला की तो रेस किंचित वाढवतो, नाहीतर सिग्नलला गाडी बंद पडते. दाबाचा स्विचही आहे. गॅस गळाला किंवा दाब फार चढला तर तो कॉम्प्रेसर तोडतो.

यंदाच्या मे महिन्यात आईला घेऊन तिच्या माहेरी, आर्वीला गेले. बाहेर 44 अंश. डॅशबोर्डखालच्या जाळीतून 9 अंशांची हवा येत होती, वीस मिनिटांत आत 28 झालं. नव्या गाड्यांसारखं अंग काकडत नाही, आणि ट्रकला ओलांडताना मी बटण बंद करते, कारण तेव्हा सगळे घोडे चाकांना हवे असतात. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या जरासा वर राहिला. आईने पदर डोक्यावरून खाली घेतला आणि पुलगावच्या फाट्यापासून झोपली.

आता थंडीतही दर आठवड्याला दहा मिनिटं मी एसी चालवते. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील तेलाने ओलं राहिलं तरच गॅस धरतं. त्याच फेरीत बोनेट उघडून पट्टा अंगठ्याने दाबून बघते, अर्धा इंच लवला की पुरे.