श्रीलंकेचा डॉलरमधला हप्ता

गटाचं कर्ज आपण रुपयांत घेतो, रुपयांतच फेडतो. कुणाची म्हैस आटली, घरात आजारपण आलं, तर बैठकीत बोलून हप्ता पुढे ढकलता येतो. देशाचं बाहेरचं कर्ज मात्र बहुतेक डॉलरमध्ये असतं, आणि डॉलर आपल्या छापखान्यात छापता येत नाहीत. ते कमवावेच लागतात.

आपल्या शेजारच्या श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये सांगून टाकलं, की परदेशी कर्जाचे हप्ते आता भरता येत नाहीत. स्वातंत्र्यानंतर हे पहिल्यांदाच घडलं. (नाकं मुरडायला नकोत. १९९१ मध्ये आपल्या देशानेही सुमारे ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवलं होतं.) बंदरं, रस्ते, विमानतळ यांसाठी कर्ज काढलं होतं, त्यातून तेवढे डॉलर परत आले नाहीत. २०१९ मध्ये सरकारने कर कमी केले. मग करोना आला, पर्यटक थांबले.

आता हिशेब बघू. मार्च २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला सुमारे २०० श्रीलंकन रुपये पडत, मेपर्यंत ३६० च्या आसपास. म्हणजे १०० डॉलरचा हप्ता २० हजारांवरून ३६ हजारांवर गेला. नवं कर्ज एक पैसाही न घेता!

तिथे डॉलर कोण कमावतं? चहाच्या मळ्यात पानं खुडणाऱ्या, कारखान्यात कपडे शिवणाऱ्या, आखातात घरकामाला गेलेल्या बायका. आणि गॅससाठी रांगेत त्याच उभ्या होत्या.

मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे ३ अब्ज डॉलर मंजूर केले, तेही चार वर्षांत, टप्प्याटप्प्याने. अट अशी, की कर वाढवा, वीज तोट्यात विकू नका. जानेवारी २०२४ पासून विक्रीवरचा कर १५ टक्क्यांवरून १८ झाला. तिजोरी रिकामी होती, कर वाढवणं भाग होतं, हे आम्हाला पटतं. पण असा कर बंगल्यातली आणि मळ्यातली, दोघींकडून सारखाच घेतला जातो, हे पटत नाही.

शिवाय सावकार एक नव्हता. चीन, जपान, भारत आणि रोखे घेतलेले परदेशी गुंतवणूकदार, सगळ्यांशी बोलावं लागलं. जून २०२४ मध्ये सावकार देशांशी ठरलं: मुद्दल २०२८ पर्यंत मागायचं नाही, फेड २०४३ पर्यंत चालेल. रोखेवाले तयार व्हायला मात्र त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला.